भरल्यासारखा हॉल

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा हिरमोड सुरुवातीलाच उरकेल. मी एका कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये टांगलेला, निळ्या जाड कापडाचा, छतापासून जमिनीपर्यंतचा पडदा आहे. माझं काम एकच, रिकाम्या खुर्च्या झाकणं. तुम्हाला हे ऐकून जेवढं विचित्र वाटलं, तेवढंच मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं.

माझा जन्म तंबू आणि पडदे शिवणाऱ्या कारखान्यातला. मला शिवलं दोघींनी. दोघी सख्ख्या जावा, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि त्या दिवसांत एकमेकींशी अबोला. त्यामुळे माझी मधली शिवण थोडी तिरकी आहे. माझ्याच ताग्यातलं कापड एका नाट्यगृहात गेलं. ते रोज उघडतं, मिटतं, टाळ्या ऐकतं. माझ्या नशिबी मात्र एका लोखंडी दांडीला लटकून राहणं आलं.

मला इथे आणलं साहेबांनी. साहेब म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागाचे प्रमुख. सगळे त्यांना साहेब म्हणत आणि तेही स्वतःला साहेबच समजत. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. त्यांचं म्हणणं असं, की माणूस गर्दी बघून येतो. रिकाम्या हॉलमध्ये पहिला जाऊन कोण बसणार? मागच्या रांगा झाकल्या की पुढची थोडी माणसंही भरगच्च दिसतील, आणि ती बघून आणखी येतील.

मला ते पटलं. कारण मी रोज बघत होतो ना. कुणीतरी दारातून डोकवायचा, आत चार डोकी दिसायची, आणि "अजून सुरू झालेलं दिसत नाही" म्हणून निघून जायचा. इकडे अर्धा सामना संपलेला असायचा.

पटलं नाही ते ताईला. ताई म्हणजे मुलींच्या संघाची प्रशिक्षक. एके काळी ती याच फरशीवर खेळली होती. मला टांगताना ती खाली कमरेवर हात ठेवून उभी होती.

"साहेब, माणसं वाढवायची सोडून आपण खुर्च्या कमी करतोय," ती म्हणाली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई," साहेब म्हणाले आणि फोटोवाल्याला हाक मारायला गेले.

फोटो मात्र झकास आला. समोर खेळणाऱ्या मुली, त्यांच्यामागे गच्च भरलेल्या दोन रांगा आणि त्यांच्यामागे मी. कॉलेजच्या अंकात तो छापून आला. त्यानंतर ताई कार्यालयात गेली, सामन्यांची जाहिरात नीट करा, लांबून येणाऱ्यांसाठी एखादी गाडी ठेवा म्हणून सांगायला. तिथल्या बाईंनी तिलाच तो फोटो दाखवला. "हॉल तर भरलेला असतो. आणखी काय पाहिजे तुम्हाला?" ताई परत आली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला पाय असते तर मी तिथून पळालो असतो.

माणसं आणायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. एकदा येणाऱ्याला बिस्किटांचा पुडा आणि सरबत फुकट ठेवलं. पोरं आली, पुडे घेतले, मध्यंतरापर्यंत हॉल मोकळा. जाता जाता एकाने सरबताचे हात मलाच पुसले. मग पहिल्या वर्षाच्या मुलांना हजेरी सक्तीची केली. ती बिचारी येऊन बसायची आणि माना खाली घालून आपापल्या फोनमध्ये बघत राहायची. आमच्या मुलीने लांबून चेंडू टाकून बास्केट केली तरी एक मान वर होत नसे. ओरडणारा एकच आवाज, ताईच्या आईचा. मुली त्यांना आजी म्हणत. आजी प्रत्येक सामन्याला यायच्या आणि समोरच्या संघाने बास्केट केली तरी टाळ्या वाजवायच्या. "त्या पोरीनेही घाम गाळलाय की," म्हणायच्या.

दर वर्षी माणसं घटली आणि दर वर्षी साहेबांनी मला पुढे सरकवलं. माझ्यामागे अंधार वाढत गेला. मोकळी जागा म्हटली की माणसाचा हात शिवशिवतो. आधी दोन-चार मोडक्या खुर्च्या आल्या. मग परीक्षेची टेबलं आली, मग ग्रंथालयातली जुनी कपाटं. बसायच्या जागांवर टेबलं, टेबलांवर कपाटं. मागच्या दाराची किल्ली साहेबांकडे, त्यामुळे ताईला यातलं फारसं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण पडद्याने काय सांगायचं आणि कुणाला?

मग एक दिवस संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला. कॉलेजला परीक्षांसाठी मोठी जागा हवी होती. मोसमातला घरचा शेवटचा सामना बघायला ते स्वतः येणार होते. हॉल भरलेला दिसला तर संघ इथेच राहील, नाहीतर मुलींनी मागच्या सिमेंटच्या मैदानावर जायचं. आता त्या मैदानावर स्पर्धेचा सामना होऊच शकत नाही, तसा नियमच आहे. म्हणजे हॉल गेला की संघ स्पर्धेतून गेला, उरला तो नुसता संध्याकाळचा व्यायाम.

साहेब निवांत होते. "त्यात काय, पडदा आणखी पुढे घेऊ."

"अजिबात नाही," ताई म्हणाली. "या वेळी मी माणसं आणणार आहे."

आणि तिने मुलींना एक साधी गोष्ट सांगितली. पोस्टर चिकटवायचं नाही. रोज ज्यांच्याशी तुमचा संबंध येतो त्यांच्याकडे जायचं आणि तोंडाने सांगायचं, मी खेळणार आहे, तुम्ही या. मुली माझ्याशेजारी बसून बुटांच्या नाड्या बांधायच्या, म्हणून मला सगळं कळत होतं. संघाची कप्तान शिडी, म्हणजे शाळेपासून तिचं नावच ते पडलेलं, आपल्या शिंप्याकडे गेली. तिच्या उंचीच्या विजारी बाजारात मिळत नाहीत, तो बिचारा खाली पट्टी जोडून देतो. कुणी बसच्या चालकाला सांगितलं, कुणी वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींना, कुणी घरमालकिणीला.

"पण ताई, त्यांना खेळातलं काही कळत नाही," शिडी म्हणाली.

"माझ्या आईला तरी कुठे कळतं? तिला मी कळते," ताई म्हणाली.

सामन्याच्या दिवशी माणसं आली. खरंच आली. सामना सुरू व्हायच्या आधीच पुढच्या रांगा भरल्या. ते खरे पाय, खरं बोलणं, खरी धक्काबुक्की ऐकून मी शहारलो. फक्त एक घोळ झाला होता. सकाळीच साहेबांनी ताईला न विचारता मला आणखी पुढे ओढलं होतं. खबरदारी म्हणून.

त्यामुळे दारावरच्या काकांना आत नजर टाकली की एकही जागा दिसेना. त्यांनी आपलं काम चोख केलं. येईल त्याला सांगू लागले, "जागा नाही, भरलं सगळं." दार माझ्या कडेलाच आहे. मला एकेक शब्द ऐकू येत होता. शिंपी बायकोला घेऊन आला होता. बसचा चालक पाळी संपवून, गणवेशही न बदलता आला होता. मावशी तर रात्रीच्या स्वयंपाकाची अर्धी तयारी टाकून आल्या होत्या. आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? ही माणसं चिडली नाहीत. ती खूश झाली. "बघ, केवढी गर्दी आहे पोरीच्या खेळाला," शिंपी बायकोला म्हणाला. "आपण नसलो तरी चालेल. चल." आणि आनंदाने परत फिरला.

अहो, माझ्यामागे, अडगळीखाली का होईना, शेकडो जागा होत्या. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. मी नुसता लोंबत राहिलो.

मध्यंतरात शिडी गर्दीत कुणाला तरी शोधत होती. आजी पाणी प्यायला बाहेर गेल्या होत्या, त्या लगबगीने आत आल्या. "अगं, बाहेरून माणसं परत चाललीयत. दारावरचा भरलं म्हणतोय."

ताईने वळून माझ्याकडे बघितलं. तिने धावत येऊन माझी दोरी धरली आणि साहेबांनी तिचा हात धरला.

"हात लावू नका. अध्यक्ष एवढ्यात येतायत. हॉल कसा भरलेला दिसतोय बघा. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

खरं होतं ते. तिने दोरी सोडली असती तर संघ वाचला असता. हे तिलाही कळत होतं.

"माझ्या मुलींनी ज्यांना हाक मारली, त्यांना मी दारातून हाकलू?" ती म्हणाली आणि तिने दोरी ओढली.

मी उघडलो. आयुष्यात पहिल्यांदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडलो. आणि सगळ्या हॉलला दिसला तो टेबलांचा ढिगारा, कपाटं, धूळ आणि उलटे पाय केलेल्या मोडक्या खुर्च्या. बसायला एक जागा नाही. ताईने पहिलं टेबल स्वतः उचललं. मुली धावल्या, पुढच्या रांगेतली माणसं उठली, काका परत गेलेल्यांना बोलवायला रस्त्यावर पळाले. काही जण आले. बरेचसे केव्हाच घरी पोहोचले होते.

नेमके तेव्हाच अध्यक्ष दारात आले. त्यांना काय दिसलं? एवढा मोठा हॉल, त्यात अडगळ, खेळायचं सोडून टेबलं उचलणाऱ्या मुली, आणि पुढे मूठभर माणसं.

"हाच का तुमचा भरलेला हॉल?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "मी यांना सांगत होतो." तेवढंच म्हणाले.

ताई सांगायला गेली. बाहेरची माणसं, पडदा, काका, सगळं सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली, घड्याळ बघितलं आणि ते गेले. सामना मुलींनी जिंकला, पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. शिडीलासुद्धा नाही.

आता इथे परीक्षा होतात. बास्केटचे खांब काढून नेले. मी अजून टांगलेलाच आहे, अडगळ आणि परीक्षार्थी यांच्या मधोमध. स्पर्धेच्या यादीतून संघाचं नाव गेलं. तरीही मुली रोज संध्याकाळी मागच्या सिमेंटवर खेळतात. माझ्या बाजूच्या खिडकीतून मैदान दिसतं.

आणि तिथे माणसं येतात. शिंपी येतो, मावशी येतात, चालक येतो, आपल्याबरोबर आणखी दोघांना घेऊन येतो. त्यांना अजूनही नियम कळत नाहीत, पण ओरडतात खणखणीत. फक्त तिथे बसायला काही नाही. दिवसभर काम करून आलेली माणसं उभ्याने किती वेळ टाळ्या वाजवणार? थोड्या वेळाने पाय अवघडतात आणि एकेक जण निघतो. ताईने दहा खुर्च्या मागितल्या. कार्यालय म्हणालं, हॉलच्या खुर्च्या जमिनीला पक्क्या आहेत, हलत नाहीत. मी संतापाने नुसता तडफडतो. कुणाला वाटतं, वारा सुटला.

तुमच्यापैकी कुणी या कॉलेजात जाणार असेल तर माझं एवढं काम करा. मला खाली उतरवा. माझं कापड जाड आहे, अजून विरलेलं नाही, निळ्यावर मळही दिसत नाही. चांगली मोठी कात्री आणा, माझे तुकडे करा आणि त्या सिमेंटच्या कडेने अंथरा. माणसांना बसू द्या.

आणि आजींच्या तुकड्याची दुहेरी घडी घाला. त्यांचे गुडघे दुखतात.