खोडलेला 'अचानक'

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या वाचनालयात नोरीनबाई दर मंगळवारी दुपारी गोष्ट लिहायला शिकवत, आणि 'अचानक' या शब्दाशी त्यांचं उभं वैर होतं. "घडलं ते नीट सांगा, दचकायचं काम वाचकाचं," असं म्हणत त्या तो शब्द दिसला की खोडत. चुकून भलताच शब्द खोडला गेला, तर त्याच्याखाली ठिपके देत. ठिपके म्हणजे, राहू दे.

चौतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या आर्डिसने आपली पहिलीच गोष्ट नवऱ्यावर लिहिली होती. 'लॉयड अचानक खाली बसला आणि उठलाच नाही.' बाईंनी 'अचानक' खोडला. आर्डिसला ते फार लागलं. अंगणातला बर्फ उपसता उपसता धडधाकट माणूस जातो, त्याला दुसरं म्हणायचं तरी काय? त्यानंतर ती वर्गाला यायची, पण एक ओळ लिहील तर शपथ.

मग बाईंचीच कादंबरी छापून आली. येत्या मंगळवारी तिच्यावर चर्चा करायची, असं वर्गाने ठरवलं. नियम नेहमीचाच: चर्चा संपेपर्यंत लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आर्डिस पेन्सिल घेऊनच वाचायला बसली. एक 'अचानक' सापडू दे, मग दाखवते!

पान दोनशे चारवर तो सापडला. नायिकेची आई सात वर्षं अंथरुणाला खिळलेली, लेकच तिचं सगळं करायची. आणि मग एवढंच वाक्य: 'आई अचानक गेली.' आर्डिसने पेन्सिल टेकवली, पण रेघ काही ओढवेना. पुस्तक मांडीवर ठेवून ती खूप रडली.

मंगळवारी ती म्हणाली, "पान दोनशे चार. बाईंनी 'अचानक' लिहिलाय."

"पकडली चोरी!" पोस्टातून निवृत्त झालेला ऑर्विल खिदळला. "खोड, आर्डिस, सोडू नकोस!"

बाई लालबुंद झाल्या, पण बोलायची सोय नव्हती.

"गप रे," आर्डिस म्हणाली. "सात वर्षं वाट बघितली तरी आपलं माणूस जातं ते अचानकच. मी नाही खोडणार. पण बाई, माझा तुम्ही खोडलात." पिशवीतला जुना कागद तिने टेबलावर सरकवला.

बाईंनी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग पेन उघडून खोडलेल्या 'अचानक'खाली एकेक करून ठिपके दिले.

चर्चा पुढे चालू राहिली. आर्डिसने कागद ओढून घेतला आणि 'उठलाच नाही'च्या पुढचं वाक्य तिथेच लिहायला घेतलं.