दहाव्याचा पिझ्झा

इंग्लंडात, वॉटफर्डच्या घरामागच्या अंगणात कावळ्यांना तोटा नव्हता. कुंपणावर होते, शेजाऱ्याच्या ट्रॅम्पोलिनवर होते. पण पुरुषोत्तमरावांच्या पिंडाला शिवायला एकही तयार नव्हता. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते आणि त्यांना लगेच दुसरं एक दहावं उरकायचं होतं.

"आला का?"

"येतोय, येतोय," परीक्षित म्हणाला. सोवळ्यावर पफर जॅकेट चढवून तो ओल्या गवतात कुडकुडत होता.

"काही इच्छा राहिली असेल. ती कर्त्यानं मोठ्यानं बोलावी. पुरी करू म्हणावं."

कस्तुरीनं भावाकडे पाहिलं. इच्छा कोणती, हे तिला, परीक्षितला आणि आईला, तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या दुखण्यात बाबा एकच मागत होते, हॅम-मश्रूम पिझ्झा. नर्स आणून द्यायला तयार होती. परीक्षितनं तिला सुनावलं, "वी आर स्ट्रिक्टली व्हेजिटेरियन." मग बाबांपुढे कस्टर्ड आलं. माणूस कस्टर्ड गिळत मेला.

ह्या देशात आल्या आल्या पुरुषोत्तमरावांना काम मिळालं ते एका इटालियन माणसाच्या पिझ्झाच्या भट्टीवर. मालक नेपल्सचा. तो सांगायचा, आमच्याकडे पिझ्झा म्हणजे बंदरावरच्या हमालांचं खाणं. चपटी रोटी, वर जे स्वस्त मिळेल ते, घडी घालून उभ्याउभ्या खायचं. बडे लोक नाकाला रुमाल लावायचे. मग बाबा कस्तुरीला म्हणायचे, "आपली भाकरीच की ही! फक्त हिला पासपोर्ट मिळाला." काम संपल्यावर मालक स्वतःच्या हातानं हॅम-मश्रूम करून वाढायचा. परक्या मुलखात पोटभर जेवायला घालणारा तो पहिला माणूस. घरचे मात्र सगळ्यांना सांगायचे, हे केटरिंग मॅनेजमेंटमध्ये आहेत. त्या भट्टीच्या पैशावर हे घर उभं राहिलं. पैशाची लाज कुणालाच वाटली नाही, भट्टीची तेवढी वाटली.

"दादा, बोल ना," कस्तुरी म्हणाली. "बाबांना पिझ्झा देऊ, एवढंच म्हण."

परीक्षितनं झटकन कॉल म्यूट केला, कॅमेराही बंद केला. "आर यू मॅड? पिंडापुढे डुकराचं नाव घेऊ?"

"आई, तू तरी सांग त्याला."

सुचेताबाईंनी पदर सावरला. "मेल्या माणसाची शोभा करू नकोस गं."

"ती तुम्ही जिवंतपणीच केलीत! तोंड फिरवत होते, तरी तू चमचा कोंबत होतीस."

सुचेताबाई वळल्या आणि घरात गेल्या. परीक्षितनं दर्भाची काडी वळून तिचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्यूट काढलं.

"शिवला, गुरुजी."

"खरा कावळा ना?"

"हो, खराच."

"उत्तम! आत्मा तृप्त झाला." कॉल कटला. परीक्षित गरम पाण्यानं अंघोळ करायला वर निघून गेला.

कस्तुरीनं फोनवरून पिझ्झा मागवला. आला तसा खोका उघडून पिंडाशेजारी ठेवला. बोलायचा मान कर्त्याचा. तरी ती बोललीच, "बाबा, घ्या ना."

कावळे जागचे हलले नाहीत. झिमझिम सुरू झाली. मश्रूमवर पाणी साचायला लागलं.

मग दार वाजलं. सुचेताबाई बाहेर आल्या, वाकल्या, खोक्याचं झाकण लावलं. आई हा आता बिनमध्ये टाकणार, कस्तुरीनं मूठ आवळली.

"गार झाला असेल," सुचेताबाई म्हणाल्या. "ह्यांना गार चालायचा नाही."

ज्या ओव्हनमध्ये त्यांनी कधी अंड्याचा केकसुद्धा जाऊ दिला नव्हता, त्यात त्यांनी तो पिझ्झा सरकवला. घरभर डुकराच्या मांसाचा वास सुटला. वरून परीक्षित ओरडला, "मम्मी! व्हॉट इज दॅट स्मेल?" त्यांनी ओव्हनमधून पिझ्झा बाहेर ओढला. हात भाजला तरी चिमटा शोधला नाही.

वाफाळता पिझ्झा त्यांनी पिंडापाशी नेऊन ठेवला. तोवर कुंपण रिकामं झालं होतं. ट्रॅम्पोलिनही.

"येतील का गं?"

कस्तुरीनं मान हलवली. "उशीर झाला, आई."

दोघी पावसात तशाच उभ्या राहिल्या. वाफ थोडा वेळ वर येत राहिली, मग तीही थांबली.