झोपवून काढलेला गुडघा

आमच्या एक्स-रे विभागात कॉम्प्युटरला गुडघे वाचायला शिकवणं चाललंय. डीप लर्निंग म्हणतात त्याला. हजारो जुने फोटो दाखवायचे, कोणत्या गुडघ्याची झीज किती ते शून्य ते चार आकड्यांत सांगायचं, मग तो स्वतः ओळखायला लागतो. फोटोंवरची नावं काढून टाकलेली असतात. फोटो नीट आलाय का, एवढं मी बघतो. बत्तीस वर्षं इथे एक्स-रे काढायचंच काम केलंय.

त्या सकाळी कॉम्प्युटरवाली मुलगी म्हणाली, "काका, हे बघा. झीज फक्त एक. रिपोर्टही तसाच. आणि बाईंची तक्रार वाचा, जिना चढवत नाही, उठताना रडू येतं."

"मग?"

"मग काय! असतात काही जणी, जरा खुट्ट झालं की घर डोक्यावर घेणाऱ्या. तक्रारीपुढे 'अतिरंजित' टाकते."

फोटोत नडगीच्या हाडात जुना वाकडा स्क्रू होता. तो माझ्या बायकोचा. तिला जाऊन अकरा महिने झाले.

गुडघ्याचा फोटो उभ्याने काढतात. अंगाचा भार पडला की हाडांमधली फट किती उरलीय ते कळतं. झोपवलं की फट मोकळी होते, खराब गुडघाही बरा दिसतो. तिचा फोटो काढायच्या दिवशी ती म्हणाली, "अहो, उभं नाही राहवत. झोपूनच काढा की, कोण बघतंय?" मला दया आली. झोपवून काढला आणि सवयीने 'उभ्याने'ची खूण लावली. फोटो बघून डॉक्टरांनी नुसता व्यायाम सांगितला. बोलणी बसतील म्हणून मी गप्प राहिलो. तेवढ्याने काय फरक पडतो, अशी मनाची समजूत घातली. पुढे ती कण्हली की मीच म्हणायचो, "फोटोत तर काही नाही."

"मग मी काय नाटकं करते?" ती एकदाच म्हणाली. नंतर दुखतंय असं तिने कधी सांगितलंच नाही.

मुलगी टाइप करायला लागली. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

"थांब," मी म्हणालो. "ती खरं सांगत होती. फोटो झोपवून काढलाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच काढलाय. माझी बायको ती."

तिने विचारलं, "काका, असे अजून किती?"

"ज्यांना उभंच राहवायचं नाही, त्यांचे असेच काढायचो. बरेच असतील."

"अरे देवा! म्हणजे ज्यांचं जास्त दुखतं, तेच गुडघे आपण याला चांगले म्हणून दाखवले?"

"हो."

तिने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तोंडाला येईल ते सुनावलं, मी ऐकून घेतलं. मग आम्ही दोघं पहिल्या फोटोपासून पुन्हा तपासायला बसलो.

"तुमच्या मिसेसच्या फोटोपुढे काय लिहू?" तिने विचारलं.

"झोपवून काढला, वापरू नये. आणि शेऱ्यात लिही, पेशंटची तक्रार बरोबर होती."

तिने लिहिलं. मी तिला ते मोठ्याने वाचायला लावलं.