चौकटीला दिलेला रंग

शिंपीणबाईंच्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर तिनं स्प्रेनं लिहिलं होतं, 'इथे कपडे बिघडवून मिळतील'. शाळेच्या निरोपसमारंभाचा ड्रेस खांद्यात घट्ट झाला, एवढंच कारण. पकडली गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि गुन्हा पहिलाच. म्हणून प्रकरण कोर्टात न नेता समेटाच्या योजनेत घातलं. माफीचं पत्र, भिंत पुन्हा रंगवण्याचं वीस तास काम आणि शेवटी शिंपीणबाईंची सही. सही झाली की प्रकरण मिटलं. नाही झाली तर कोर्ट, आणि नर्सिंगच्या अर्जात 'खटला चालू आहे का?' या रकान्यात 'होय'.

योजनेच्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी दोघींना समोरासमोर बसवून हे सगळं समजावलं. शिंपीणबाई ऐकता ऐकता काजं करत होत्या. माफीचं पत्र वाचून त्या म्हणाल्या, "अक्षर झकास आहे. दुकानाची पाटीच तुझ्याकडून लिहून घ्यायला हवी होती."

पोरगी मान खाली घालून हसली आणि मग रडली.

पहिले दोन शनिवार तिनं अंग चोरून काम केलं. धुळीवरच रंग फासला. आठवड्याभरात त्याचे पोपडे सुटले आणि खालची अक्षरं पुन्हा डोकावू लागली. शिंपीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातात एक उसवलेली बाही दिली आणि दाखवलं, जुना दोरा पूर्ण काढल्याशिवाय नवी शिवण नीट बसत नाही. तेव्हापासून ती घासायची, धूळ पुसायची, प्रायमर लावायची, वाळू द्यायची आणि मगच रंगाचे दोन हात मारायची. अधूनमधून बटणं लावायला शिकली. शिंपीणबाईंना 'मावशी' कधी म्हणू लागली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या शनिवारी भिंत संपली तेव्हा अजून दोन तास उरले होते. मावशी कापड आणायला गेल्या होत्या. डब्यात रंग शिल्लक होता. आतल्या खोलीच्या दाराची चौकट कळकट दिसत होती, एका बाजूला पेन्सिलीच्या रेघोट्या. कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, मावशींना चकित करू.

मावशी आणि सहीसाठी आलेल्या समुपदेशक बाई बरोबरच आत आल्या. मावशींची नजर चौकटीवर गेली. पिशवी हातातच राहिली.

"आधी घासलंस?" त्यांनी विचारलं.

"हो. पार लाकूड दिसेपर्यंत."

नुसता रंग फासला असता तर रेघा खाली राहिल्या असत्या. हलक्या हातानं रंग खरवडून त्या पुन्हा दिसल्या असत्या. मावशी स्टुलावर बसल्या. लेकीची उंची होती ती, त्या म्हणाल्या, दर वाढदिवसाला एक रेघ. एकूण सात. आठवा वाढदिवस तिनं पाहिला नाही.

समुपदेशक बाईंनी नाइलाजानं फाइल उघडली. तक्रार असेल तर नोंदवावी लागेल आणि मग कागद कोर्टाकडे जाईल, असं त्या हळूच म्हणाल्या. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी ती म्हणाली, लिहा, चूक माझीच आहे.

मावशी उठल्या. गळ्यातली टेप त्यांनी चौकटीसमोर, रंगाला न टेकवता धरली. सातवी रेघ एकशे सोळा सेंटिमीटरवर होती, ती त्यांना पाठ होती. सहावीसाठी अंगठा खाली सरकला, थांबला, थोडा वर आला. पाचवीपर्यंत तो गेलाच नाही.

"अंदाजानं नको," त्या म्हणाल्या आणि टेप गुंडाळली.

मग त्यांनी फाइल मागून घेतली आणि 'काम समाधानकारक' या ओळीपुढे सही केली. पोरगी नको नको म्हणत होती.

"चांगलंच काम केलंस गं तू," मावशी म्हणाल्या. "तेच तर."

कागद हातात आला तरी तिचा पाय निघेना. तिचा दुसरा हात नकळत चौकटीकडे गेला, रेघा होत्या त्या बाजूला.

"हात लावू नकोस," मावशी म्हणाल्या. "रंग ओला आहे."