दोन्ही ग्रुप

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक अकरा होते. त्यांतले सात चालायचे. दोहोंचे आरसे फुटलेले होते, एकाचा स्क्रू घसरायचा, आणि एक कुलूपबंद कपाटात होता, कारण तो नवा होता आणि नवी वस्तू खराब होऊ नये म्हणून ती वापरायचीच नाही असा कॉलेजचा दंडक होता. नमुन्यांच्या बरण्या एकोणतीस, त्यांतल्या सहांवरच्या चिठ्ठ्या पुसून कोऱ्या झालेल्या. स्टुलं सोळा. नळ दोन, पाणी एकाला. आणि अकरावी सायन्सच्या दुसऱ्या तुकडीतली मुलं वीस.

बाकी कशाचा हिशेब चुकला तरी चालण्यासारखं होतं, वीसचा नाही. कॉलेज डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. प्रात्यक्षिकाच्या तुकडीत वीसपेक्षा कमी मुलं उरली तर ती दुसऱ्या तुकडीत मिसळून टाकायची, असा संस्थेचा नियम होता. पहिली तुकडी सुमतीबाईंची. त्या कायम होत्या, निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या. दुसरी रसिकाची, आणि रसिका तासिकेवर. तुकडी मिसळली की तिचे तास संपले, आणि तास संपले की ती घरी. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि हे तिसरं कॉलेज होतं. विषय बदलायची मुदत शनिवारी संपत होती.

अकरावीला विषय निवडायचे असतात असं माहितीपत्रकात छापलेलं असे. रसिकाच्या पाहण्यात मात्र विषय निवडणारं मूल क्वचितच आलं होतं. दहावीला जरा बरे मार्क पडले की घरोघरी एकच वाक्य ठरलेलं असायचं, सध्या दोन्ही ठेव, पुढचं पुढे बघू. दोन्ही म्हणजे गणित आणि जीवशास्त्र. एक पाय इंजिनिअरिंगमध्ये, एक डॉक्टरकीत, आणि मूल मधे फाकलेलं. कॉलेज, क्लास, क्लासच्या टेस्ट, पुन्हा कॉलेज. महिन्याभरात पोरांच्या डोळ्यांखाली काळं यायला लागायचं आणि मग एकेक जण येऊन विषय सोडून जायचा. निवडायचं नाव, काम सोडायचं. सोडायला आलेल्यांना समजावण्याचा उत्साह रसिकात पहिल्या कॉलेजात होता, दुसऱ्यात निम्मा राहिला आणि इथे ती नुसती सही करून मोकळी होई. पण आता अगदी वीसच राहिले होते.

त्या मंगळवारी पर्णरंध्रांचं प्रात्यक्षिक होतं. पानाची साल काढायची, रंगवायची, काचपट्टीवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या गोल चकतीत किती रंध्रं दिसतात ती मोजायची. मग पट्टी सरकवून दुसरी जागा, तिसरी जागा, अशा पाच जागा मोजून सरासरी काढायची. सगळीकडे होतं तेच इथेही व्हायचं. पहिल्या बाकावरच्या मैथिलीनं मोजलं, बारा आले. तो बारा बाकाबाकांवरून मागे गेला आणि दहा मिनिटांत सगळ्यांच्या जर्नलमध्ये बारा झाला. कोणी प्रामाणिकपणा म्हणून अकरा लिहिलं असेल इतकंच. वर्षानुवर्षं जर्नलं अशीच भरली जात आणि तपासणारेही त्यात वाढलेले असत.

रसिकानं आकडे फळ्यावर लिहायला सांगितले. सगळ्यांचे लिहून झाले, डबे उघडले, तरी शेवटच्या टेबलावरचा विनीत डोळा लावून बसलेलाच. हा लोकलनं दिव्याहून यायचा. तासाला हमखास पेंगायचा, कारण त्यांच्या इमारतीत पाणी पहाटे यायचं आणि ते भरायचं काम त्याचं होतं. त्या दिवशी मात्र तो जागा होता. उठून तो फळ्याशी गेला आणि एकाखाली एक आकडे लिहीत सुटला. नऊ, चौदा, अकरा, बारा, आठ. तीस आकडे झाले. शेजारी दर पाच आकड्यांनंतर तोवरच्या सगळ्यांची सरासरी, दहा पूर्णांक आठ, मग अकरा पूर्णांक नऊ, मग अकरा पूर्णांक दोन, अशी खाली खाली.

"मॅडम, ह्याला आवरा ना," त्याचा मित्र देवेश म्हणाला. "ह्याच्यामुळे आमचा बारा उगाच चोरीचा वाटायला लागलाय."

मुलं हसली. विनीतही हसला, खडू ठेवून जागेवर गेला आणि डोकं टेबलावर ठेवून झोपला. रसिकानं तो फळा पुसला नाही. दोन वर्षांत खरोखर आत डोकावून पाहिलेलं हे पहिलं पोर. तिला बरं वाटलं, म्हणजे थकवा होता तिथेच होता, पण त्याच्याशेजारी जरा बरंही वाटलं.

बुधवारी तोच पोरगा दारात उभा. एक विषय सोडायचाय म्हणाला, दोन्ही झेपत नाहीत. क्लासमध्ये बसल्या जागी त्याचा डोळा लागला होता आणि सरांनी सगळ्यांसमोर फोटो काढला होता. कोणता विषय, तर तेच कळत नव्हतं. पहिल्या चाचणीत गणितात पंचवीसपैकी सतरा आणि जीवशास्त्रातही सतरा. वडील म्हणत होते, काहीच सोडू नको, गावी सगळ्यांना सांगून झालंय. आई घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये हाउसकीपिंगची सुपरवायझर होती. तिनं निकाल लावला होता, फळ्यावर तुझं लिहिलेलं ज्या मॅडमनी ठेवलं त्याच सांगतील ते करायचं. शुक्रवारी अर्धी सुट्टी घेऊन ती स्वतः येणार होती.

उत्तर रसिकाच्या जिभेवर होतं. गणित सोड. असा बघणारा डोळा हजारात एकाचा असतो. शिवाय वीसचे वीस राहतात. हे शिवाय मनात आलं आणि ती थबकली. कुठलं आधी आलं होतं, डोळा की वीस, हे तिला नक्की सांगता येईना. प्रयोग करणाऱ्याला निकाल आधीच हवासा असेल तर त्याच्या मोजणीवर विश्वास ठेवू नये, हे ती स्वतःच मुलांना शिकवत असे.

स्टाफरूममध्ये गणिताचे प्रभाकर सर चहात बिस्किट बुडवत बसले होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं, वीसचंही.

"आपल्या ताकाला आंबट कोण म्हणतं, रसिका?" सर म्हणाले. बिस्किट तुटून चहात पडलं, ते त्यांनी चमच्यानं शोधलं. "तू त्याला बायोलॉजी ठेव म्हणणार आणि तुझं बरोबरही असेल. पण तुला ते कसं कळणार?"

म्हणूनच तुम्ही बघा, ती म्हणाली. त्यांच्याकडे एकशे अठरा मुलं होती. एक आलं काय आणि गेलं काय. उलट एक गेलं तर बाकावर हात पसरायला जागा होईल, असं तेच म्हणत. त्यांनी आढेवेढे घेतले, जिने चढायला लागतात म्हणाले, गुडघा दाखवला, आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत वर आले.

ते बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले. रसिकानं विनीतला बोलावून घेतलं होतं. त्याला वाटलं काही चुकलं. तो हात मागे बांधून उभा राहिला.

"पाच जागा मोजायच्या होत्या ना रे? तू तीस का मोजल्यास?"

"सर, सरासरी हलत होती." त्यानं फळ्यावरच्या सरासऱ्यांकडे बोट केलं. "पाचला दहा पॉइंट आठ आलेली, दहाला एकदम वर गेली. मग परत खाली. मला बघायचं होतं थांबते कुठे. पंचवीसला आणि तीसला सेमच आली, अकरा पॉइंट चार, मग मी सोडलं."

"आणि समजा तिसाव्यालाही हलली असती?"

"मग अजून मोजलं असतं. पण कमी कमी हलत जाते ना, सर. किती जागा मोजल्या म्हणजे बास, ह्याचा काहीतरी नियम असणार. आहे का?"

सरांनी रसिकाकडे पाहिलं नाही. खडू उचलला, परत ठेवला आणि विचारलं, "पान कुठल्या झाडाचं होतं?"

विनीत गोंधळला. "पान... मॅडमनी दिलेलं."

"तू मोजत काय होतास?"

"ती भोकं. ओठांसारखी दिसतात ती."

"ती कशासाठी असतात?"

विनीतनं फळ्याकडे पाहिलं, जणू तिथे लिहिलेलं असेल. मंगळवारी रसिकानं पाऊण तास त्यावरच सांगितलं होतं. पान सदाफुलीचं होतं, गेटजवळच्या कुंडीतलं, आणि ती पानं तोडून आणायला तिनं ह्यालाच पाठवलं होतं. तीस वेळा त्यानं त्या पानात डोळा घातला होता आणि एकदाही पान पाहिलं नव्हतं. पानाच्या जागी गोट्यांनी भरलेली बरणी ठेवली असती तरी तो असाच तीस वेळा मोजत बसला असता.

जिना उतरताना सर एका हातानं कठडा धरून होते. खालच्या वळणावर थांबून ते म्हणाले, "मी तुला काही सांगणार नाही. तू पाहिलंस." आणि मग थोडं पुढे गेल्यावर, "मला तो नको आहे असं मात्र म्हणणार नाही."

शुक्रवारी विनीतची आई आली. शुभदा नाव. कंपनीचा निळा कोट घातलेला, तो काढायचा राहिलाय हे बसल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं तो उतरवून घडी करून मांडीवर ठेवला. घोडबंदरहून इथवर यायला तिला दोन तास लागले होते. वाटेत तिनं ठरवून टाकलं होतं बहुतेक, कारण बसताक्षणी तिनं सांगून टाकलं की ह्याचा आजा ताप येऊन गेला तेव्हा गावात डॉक्टर नव्हता, आणि पोरगा झाला त्या दिवसापासून घरात सगळे ह्याला डॉक्टरच म्हणतात. चेष्टेतच. पण म्हणतात.

रसिकाला आता फक्त मान हलवायची होती. समोरच्या बाईला तेच हवं होतं, वीसच्या नियमालाही तेच हवं होतं, सुमतीबाई सकाळीच हळूच सांगून गेल्या होत्या की जाणाऱ्यांना जरा धरून ठेव गं, निदान शनिवारपर्यंत. मुलगाही ऐकेल. बारावीपर्यंत रेटून नेईल, पाठ करील, साठ-पासष्ट पडतील. कोणी तिला विचारायला येणार नाही.

"त्याला बायोलॉजी सोडू दे," ती म्हणाली. "गणित ठेवू दे."

शुभदानं कोटाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मॅडम, तुमचाच विषय आणि तुम्हीच सोड म्हणताय? म्हणजे माझ्या पोरात काय कमी आहे?"

कमी काहीच नाही, रसिकानं सांगितलं. कमी असतं तर ठेव म्हणाले असते, हे तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. त्याऐवजी फळा दाखवला. आकडे अजून होते, कडेनं जरा फिसकटलेले. शुभदानं ते वरपासून खालपर्यंत वाचले. तिला त्यातलं काही कळलं नसावं, पण आपल्या पोराचं अक्षर ओळखून तिनं मान हलवली. गणितवाले सर काय म्हणाले हे तिनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा रसिकानं त्यांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं तेव्हा ती जरा सैलावली.

"ह्याच्या बाबांना मीच सांगायचं ना आता," ती म्हणाली. "चला. पाणी भरून झाल्यावर सांगीन, तेव्हा ते अर्धे झोपेत असतात."

विनीतनं एवढंच विचारलं की मंगळवारचे प्रात्यक्षिकाचे दोन तास आता मोकळे का. रसिका हो म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं तो आनंद नव्हता, रात्रपाळी सुटल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी होतं. जीवशास्त्राऐवजी त्यानं भूगोल घेतला, सगळेच घेतात म्हणून.

शनिवारी ती दिवसभर प्रयोगशाळेत बसली. फुटक्या आरशाच्या एका सूक्ष्मदर्शकाला तिनं पावडरच्या डबीतला आरसा बसवून पाहिला, तो बसला नाही. दुपारी ऑफिसातला दगडू बदललेल्या विषयांचे कागद सह्यांना घेऊन आला. वरचा विनीतचा होता. त्याच्याखाली देवेशचा, कारण विनीत जिथे जाईल तिथे देवेश जायचाच. आणि त्याखाली मैथिलीचा. तिनं कोणालाच विचारलं नव्हतं. तिच्या क्लासनं जीवशास्त्राची वेळ संध्याकाळी उशिरा टाकली होती आणि घरच्यांनी सोड म्हटलं होतं.

"सगळ्यांवर सही ना मॅडम?" दगडूनं विचारलं. त्याला खाली अजून दोन मजले फिरायचे होते.

तिनं तिन्हींवर सही केली, तारीख घातली.

मंगळवारी, तुकडी मिसळण्याचा कागद यायच्या आत, तिनं दुसऱ्या तुकडीची हजेरी घेतली. पटावर सतरा, हजर सतरा.