राहिलेला कंस दाखवणारी

मी एक दुरुस्ती. गळक्या नळाची नव्हे हो! संगणकाला कामं सांगायची एक भाषा आहे, सगळ्यांसाठी खुली. कुणीही तिच्यात सुधारणा सुचवावी, अशी तिची रीत. तिथे सुचवलेली एक चिमुकली सुधारणा म्हणजे मी, आणि आज बोलल्याशिवाय मला राहवत नाहीये!

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला, निवडलेली भाजी एकीकडे सारून. जन्मदात्रीला घरात सगळे वहिनी म्हणतात. धाकट्या दिराने त्या भाषेच्या संकेतस्थळावर तिचं खातं उघडून दिलं, तेव्हा नावाच्या जागी सवयीने 'वहिनी'च लिहिलं. झालं! जगभरातले मोठमोठे जाणकार तिला वहिनी म्हणू लागले.

वहिनी ही भाषा नुकतीच शिकत होती. एखादा कंस उघडून बंद करायचा राहिला, की भाषा फणकाऱ्याने म्हणायची, "शेवटच्या ओळीत चूक!" शेवटची ओळ बिचारी निर्दोष. वहिनी मात्र तिलाच निरखत बसायची. शेवटी तिने मला लिहिलं. कंस जिथे उघडला, नेमकी ती ओळ मी दाखवायची, आणि वर म्हणायचं, "कृपया हा बंद करावा."

मला पाठवलं आणि तिने देवापुढे नेम केला, माझा स्वीकार होईपर्यंत गोड खायचं नाही.

"देवाला संगणकातलं कळतं का गं?" नवऱ्याने डिवचलं.

"तुला तरी कुठे कळतं?" सासूबाई आतून म्हणाल्या. "गप जेव."

भाषेच्या नव्या आवृत्तीचं दार एका संध्याकाळी बंद होणार होतं. हुकलं, की वर्षभर वाट पाहायची. आणि त्याच दिवशी सकाळी वहिनी बघते तर काय, माझ्यापुढे लालच लाल! आलेल्या प्रत्येक दुरुस्तीच्या आपोआप चाचण्या होतात. मी ढीगभर चाचण्यांत नापास झाले होते.

"अगं बाई, मी अख्खी भाषाच मोडली!"

मला मागे घ्यायच्या बटणापर्यंत तिचं बोट पोचलंसुद्धा. थांब गं माउली, थांब!

तेवढ्यात भाषेची देखरेख करणाऱ्या काकांचा निरोप आला. "वहिनी, काही मोडलेलं नाही. जुन्या चाचण्यांनी 'शेवटच्या ओळीत चूक' हे जुनंच वाक्य पाठ केलंय. त्यांना नवं शिकवा. आणि ते 'कृपया' काढा हो, यंत्राने इतकं आर्जव करणं बरं दिसत नाही."

"काढू का हो?" वहिनीने सासूबाईंना विचारलं.

"काढ, काढ. नम्रपणा आपल्यापाशी असू दे."

मग काय! कपडे वाळत घालायचं दिराकडे, पोळ्या नवऱ्याकडे, आणि वहिनी एकेका चाचणीला लेकरासारखं नवं वाक्य पढवतेय. "चहा गार झाला!" "होऊ दे!" "पोळी करपली!" "खा तशीच!" उन्हं उतरली, तशा लाल खुणा एकेक करत हिरव्या झाल्या, आणि काकांचा शब्द आला, "स्वीकारलं, वहिनी. अभिनंदन!"

दिराने शिट्टी मारली. वहिनीने पडद्यालाच हात जोडले. मी? मी तर नाचत सुटले!

आता मी असंख्य संगणकांत नांदते. गंमत म्हणजे, ज्याचं काहीच चुकत नाही त्याला मी कधी दिसतच नाही. म्हणून एवढंच मागणं, चुकायला घाबरू नका. बिनधास्त लिहा. कुठे कंस राहिला, तर कपाळावर हात मारू नका, मी बोट धरून नेईन.

बघा, कुणाचा तरी राहिलाच. आले हं, आले!