करपलेलं तूप

सुनेने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि टॉवेल गरागरा फिरवून ती धूर बाहेर हाकलू लागली, तोच बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

"काय जळतंय?" नवरा बूट न काढताच आत आला.

ओट्यावर जाड बुडाचं पातेलं होतं. त्यातलं तूप काळपट तपकिरी झालं होतं आणि खाली बसलेल्या बेरीचा पार कोळसा झाला होता. सासूबाई हातात सांडशी धरून पातेल्याशी उभ्या होत्या.

"तूप करपलं," त्या म्हणाल्या.

"करपलं? तू इथेच होतीस ना?"

"इथेच होते."

"मग घरभर धूर होईपर्यंत तुला कळलं कसं नाही?"

सासूबाईंनी सांडशी खाली ठेवली. सुनेचा टॉवेल क्षणभर हवेत थांबला आणि पुन्हा फिरू लागला. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं.

कसं कळलं नाही, ते तिला ठाऊक होतं. हिवाळ्यात आलेल्या तापानंतर सासूबाईंना वास येईनासा झाला होता. एका सकाळी त्यांनी तिच्यापुढे आंबलेल्या दुधाचा चहा ठेवला, तेव्हा ते उघडकीला आलं. सासूबाईंनी तिचा हात धरला होता. "त्याला सांगू नकोस गं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. जरा कुठे खुट्ट झालं की आधी 'बंद आहे'ची पाटी लावतो." दोघी हसल्या होत्या आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरात हात सासूबाईंचे आणि नाक सुनेचं, असं ठरून गेलं होतं. भाजी लागतेय का, दूध टिकलंय का, तूप झालं का, हे सगळं सून सांगायची. घरातल्या तिसऱ्या माणसाला पत्ता नव्हता.

आज तूप कढत असताना सुनेला बहिणीचा फोन आला. कुठल्याशा लग्नात मामा कसे नाचले, ते बहीण सांगत होती आणि हसून हसून सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. स्वयंपाकघरातून हाक आली, "बघ गं, झालं का?" तिने आतल्या खोलीतूनच, पलंगावरून न उठता, उत्तर दिलं, "अजून थोडं!" नंतर पुन्हा हाक आली. पुन्हा तिने तेच सांगितलं.

नवऱ्याने बूट काढले, आईला खुर्चीत बसवलं आणि तिच्यापुढे उकिडवा बसला.

"आई, घरात लहान पोर आहे. आजपासून गॅसला हात लावायचा नाही. चहालासुद्धा नाही. काय हवं ते हिला सांगायचं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराला हात पुसले. सुनेकडे त्यांनी नुसतं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, तर तिला सोपं गेलं असतं.

करपलेलं तूप सासूबाईंनी टाकू दिलं नाही. गाळून बरणीत भरलं. जेवायला नको, पण बाकी कशालाही चालेल, म्हणाल्या. संध्याकाळी देवापुढचा दिवा त्याच तुपाने लागला. "देव बिचारा तोंड वाकडं करत नाही," त्या नातीला म्हणाल्या. रात्री तेच तूप त्यांनी टाचांच्या भेगांना चोळलं. बाल्कनीच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिलाही बोटभर लावलं. सकाळी चिंगीचे ओठ फुटलेले दिसले, तर तिला मांडीत घेऊन हलकेच तूप लावलं.

"ई! आजी, माझ्या तोंडाला जळका वास येतोय!"

"येऊ दे. शाळेत कुणी पापा घ्यायला येणार नाही."

घरभर तो वास मुरला. दिव्याच्या कोपऱ्यात, उशीवर, दाराशी, पोरीच्या श्वासात. सून जिथे जाईल तिथे तो आधीच येऊन बसलेला असे. घरात तो येत नव्हता, तो एकट्या सासूबाईंनाच.

त्या आता बैठकीच्या खोलीत बसत. कुकरची शिट्टी झाली की अर्ध्या उठत आणि आठवण झाल्यासारख्या पुन्हा टेकत. शेंगा सोलून झाल्या की टरफलंही नीट रचत.

"तुझं काम आटपलं की जरा पाणी गरम करून देतेस का? घाई नाही हं," त्या दारातून विचारत. स्वयंपाकघराचा उंबरा त्या ओलांडत नव्हत्या. सून हातातलं टाकून धावे, तेव्हा म्हणत, "अगं, सावकाश. मी काय कुठे पळून जातेय?"

नवऱ्याला सांगून टाकायचं, असं सुनेने मनाशी कितीदा तरी ठरवलं. पण सांगायचं तर सासूबाईंचं नाकही सांगावं लागणार. मग तर गॅस कायमचाच बंद. हे कारण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्या आड लपताना तिला जास्त लाज वाटे.

साय पुन्हा साठली. विरजण लावून, घुसळून सुनेने लोणी काढलं आणि पातेलं गॅसवर चढवलं. फोन बंद करून कपाटात ठेवला. सासूबाई उंबऱ्याबाहेर खुर्ची घेऊन, पाठमोऱ्या, चिंगीला गोष्ट सांगत होत्या. गोष्टीतलं अस्वल झाडावर चढत असताना त्या मध्येच थांबल्या.

"झालं बघ. उतरव."

सुनेने वास घेतला. खमंग, नेमका. पातेल्यात पाहिलं, तर बेरी बदामी झालेली. तिने झटकन गॅस बंद केला.

"आजी, तुला मागे डोळे आहेत?" चिंगीने विचारलं.

"डोळे कशाला? कान आहेत की. लोणी कढायला लागलं, की आधी त्यातलं पाणी बडबड करतं. तडतड, तडतड. तू शाळेतून आल्यावर करतेस ना, तशी. मग पाणी कमी होतं, आवाज बारीक होतो. आणि सगळं सांगून झालं की ते गप्प बसतं. गप्प बसलं की तूप झालं."

"आणि मग?"

"मग उतरवायचं. नाहीतर करपतं."

सून पातेल्यावर झाकण ठेवायला गेली आणि तिने ते तसंच हातात धरलं. ती उंबऱ्यापाशी आली.

"आई, मग त्या दिवशी?"

सासूबाईंनी चिंगीच्या वेणीचं सुटलेलं टोक बांधायला घेतलं.

"त्या दिवशीही गप्प झालं होतं."

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं की."

"मग उतरवलं का नाहीत?"

"तू म्हणालीस ना, अजून थोडं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "म्हटलं, आपले कान म्हातारे, हिचं नाक तरणं. नाक गेल्यापासून बाई, माझं मलाच काही खरं वाटत नाही."

"आजी, अस्वल पडलं का?" चिंगीने विचारलं.

"नाही गं, लोंबकळतंय."

नवरा संध्याकाळी आला आणि दारातच थांबून त्याने मोठा श्वास घेतला. "वा! याला म्हणतात तूप. पाहिलंस आई, आता डोक्याला ताप नाही."

सुनेने त्याला पाणी दिलं. तो पिऊन होईपर्यंतही ती थांबली नाही.

"त्या दिवशी तूप मी करपवलं."

"तू? आई उभी होती ना तिथे?"

"त्या उतरवणार होत्या. मी आतून थांबवलं. फोनवर हसत बसले होते, उठून पाहिलंसुद्धा नाही. आणि तू ओरडलास तेव्हाही गप्प राहिले."

"पण तू कशाला सांगायचंस? तिला स्वतःला वास..."

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. यापुढचं वाक्य तिचं नव्हतं.

"मला वास येत नाही रे," सासूबाई म्हणाल्या. "हिवाळ्यापासून."

नवऱ्याने पेला खाली ठेवला. "आणि हे मला आत्ता कळतंय?"

"आधी सांगितलं असतं, तर पाटी लावली असतीस."

तो हसला नाही. हातांवरचं ग्रीस नखाने खरवडू लागला. मग म्हणाला, "दुरुस्त झाली म्हटलं म्हणून मी कुठलीच लिफ्ट चालू करत नाही. माझ्यासमोर एकदा चालवून दाखवावी लागते. पुढचं तूप सुट्टीच्या दिवशी कर, आई. मी उभा राहीन. जमलं तर गॅस तुझा. नाही जमलं, तर मग हट्ट करायचा नाही."

"नाही करणार," सासूबाई म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी त्या अंघोळ करून, केस घट्ट बांधून ओट्याशी आल्या. नवरा हाताची घडी घालून दाराला टेकला. सून भांड्यांच्या मांडणीपाशी उभी राहिली, हात लावण्याजोगं काहीच जवळ नाही अशी. लोणी विरघळलं, पांढरा फेस वर आला, तडतड सुरू झाली. चिंगी काहीतरी विचारायला आली, तिला बापाने बोटाने गप्प केलं.

आवाज बारीक होत गेला. सासूबाईंची नजर पातेल्यावरून उठली आणि सवयीने सुनेकडे वळली.

"बघ गं," त्या म्हणाल्या, "झालं का?"

झालं होतं. खमंग वास सुनेच्या नाकात, घशात, डोळ्यांतही भरला होता. अजून जरा वेळ गेला असता, तर त्यात जळकी कड आली असती. दारात नवरा तिच्याच तोंडाकडे पाहत होता.

"मला काय कळणार, आई?" ती म्हणाली. "कालपासून नाक चोंदलंय माझं. तुम्हीच सांगा."

सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मान जराशी कलती केली, डोळे मिटले आणि हात पुढे करून गॅस बंद केला.

"झालं."

नवऱ्याने पुढे येऊन पातेल्यात डोकावलं. "मला तर काहीच ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

"तू आपल्या लिफ्टी ऐक," सासूबाई म्हणाल्या. "चिंगे, वाटी आण. बेरीवर साखर घालून देते."

सुनेने ओढणीचं टोक नाकाला लावलं आणि कोणी पाहत नसतानाही एकदा जोरात शिंकरलं.